पायगुण

मिसिसिपी नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते असं आमच्या भूगोलाच्या पुस्तकात होतं, आणि तसं उत्तर लिहून मी मार्कही मिळवलेले आहेत. मोलीनला पोचल्यावर भाच्यानं नदी दाखवायला नेलं. ती पूर्वेकडून पश्चिमेकडे चालली होती. मी आधी सूर्याची खात्री करून घेतली. सूर्य जागेवर होता, नदीच वळलेली होती. "मामा, इथे थोडा वेळ ती अशीच वाहते, पुढे जाऊन सुधारते," भाचा म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पण ज्या गावची नदीच शाळेचं ऐकत नाही, त्या गावाकडे मी तेव्हापासून जरा सावधपणे पाहायला लागलो.

या परिसराला 'क्वाड सिटीज' म्हणतात. चार शहरं आहेत असं सगळे सांगतात. मी मोजली. नदीच्या उत्तरेला आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट आणि बेटनडॉर्फ, दक्षिणेला इलिनॉय राज्यात रॉक आयलंड, मोलीन आणि ईस्ट मोलीन. पाच झाली. मग यातलं कोणतं धरायचं नाही, असं मी वेगवेगळ्या गावांत विचारून पाहिलं. प्रत्येक ठिकाणी वेगळं उत्तर मिळालं आणि कोणीही स्वतःच्या गावाचं नाव घेतलं नाही.

ही गोष्ट 2000 सालच्या उन्हाळ्यातली. पुण्याजवळ सणसवाडीला जॉन डिअर कंपनीनं लार्सन अँड टुब्रोच्या भागीदारीत ट्रॅक्टर बनवायला घेतले होते. भाचा तिथे इंजिनिअर. कंपनीनं त्याला मोलीनच्या मुख्यालयात धाडलं, आणि भाचेसुनेनं "मामा-मामी, या ना" असा फोन केला. अशा फोनवर खरोखर येणारी माणसं असतात, हे तिला आम्ही विमानतळावर उतरल्यावर कळलं असावं.

मोलीनमधली प्रेक्षणीय स्थळं लवकर संपतात. पहिलं म्हणजे ते मुख्यालयच. ईरो सारिनेन या नामांकित वास्तुरचनाकारानं आखलेली ती इमारत 1964 साली उघडली. तिचं वैशिष्ट्य असं, की तिच्या पोलादावर मुद्दाम गंज चढू दिलेला आहे. तो गंजच पोलादाचं रक्षण करतो, म्हणून रंग द्यावा लागत नाही. भाच्यानं हे अभिमानानं समजावून सांगितलं. हिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपल्या गॅलरीचे गज बघून कारखानीस वहिनी नाक मुरडतात, त्यांना एकदा इथे आणायला पाहिजे." दुसरं स्थळ, नदीकाठचं ट्रॅक्टरचं प्रदर्शन. तिथे ट्रॅक्टरवर चढून बसू देतात. मी चढलो, बसलो, उतरलो. तिसरं स्थळ नव्हतं. म्हणून नायगारा बघायला जायचं ठरलं. मोलीनपासून नायगारा लांब आहे, पण अमेरिकेला जाऊन नायगारा न पाहता परत येणाऱ्याला पुण्यात कोणी चहाला बोलावत नाही. शनिवारी पहाटे निघायचं, असं ठरलं.

गुरुवारी संध्याकाळी डावीकडच्या घरातले गृहस्थ कुंपणाशी आले. ट्रॅक्टरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, साडेसहा फुटी, आणि डोक्यावर हिरवी टोपी. ही टोपी त्यांनी कधी काढलेली मी पाहिली नाही. राष्ट्रगीताला काढत असत, पण तेव्हा माझं लक्ष झेंड्याकडे असे. त्यांना मी मनात 'टोपीवाले' असं नाव दिलं. टोपीवाल्यांच्या हातात शनिवारच्या सामन्याची चार तिकिटं होती. त्यांचे जावई-मुलगी येणार नव्हते. "तुमच्या पाहुण्यांना आपला फुटबॉल दाखवा," ते म्हणाले. भाच्याला नाही म्हणता येईना, कारण हिवाळ्यात त्याच्या दारातला बर्फ टोपीवालेच ढकलत. नायगारा पुढच्या शनिवारवर गेला. नायगाऱ्याला काय घाई, असं मीच हिला म्हणालो होतो.

तो फुटबॉल म्हणजे छपराखालचा अमेरिकन फुटबॉल. मोलीनला 1993 साली उघडलेलं मोठं बंदिस्त सभागृह आहे, त्याला तेव्हा 'द मार्क' म्हणत. हिवाळ्यात तिथे बर्फावरची हॉकी चाले, मधूनमधून गायक येऊन गाऊन जात, आणि उन्हाळ्यात ते भाडं न देता उभं असे. रिकाम्या सभागृहाचं दुःख ज्याला कळतं, त्यानंच हा खेळ काढला असणार, असं मला पहिल्यांदा वाटलं. टोपीवाल्यांनी खरी हकीकत सांगितली. फेब्रुवारी 1981 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बंदिस्त सॉकरचा सामना चालला होता. प्रेक्षकांत जिम फॉस्टर नावाचा, मोठ्या फुटबॉल लीगच्या व्यापारी विभागात काम करणारा माणूस बसला होता. सॉकर आत खेळता येतो तर आपला फुटबॉल का नाही, असं त्याच्या मनात आलं. हाताशी खाकी लिफाफा होता, त्यावर त्यानं तिथल्या तिथे मैदान आखलं. पुढे 1986 साली इलिनॉयमधल्याच रॉकफर्डला चाचणीचा सामना झाला, 1987 साली चार संघांची अरीना फुटबॉल लीग सुरू झाली, आणि 1990 साली फॉस्टरला या खेळाचं पेटंट मिळालं.

खेळाचं पेटंट! मी खुर्चीत ताठ झालो. हळदीचं अमेरिकन पेटंट आमच्या माशेलकरांनी रद्द करायला लावून तीनच वर्षं झाली होती आणि बासमतीचं भांडण अजून चालू होतं, त्यामुळे या विषयावर मी तयारीचा होतो. पण टोपीवाल्यांना हळद माहीत नव्हती. भाचेसून म्हणाली, "मामा, आजचा दिवस राहू द्या."

पण फॉस्टरच्या हिशेबाला मी मनापासून दाद दिली. हॉकीचं मैदान 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद असतं. बाहेरच्या फुटबॉलला 100 यार्ड लागतात, शिवाय दोन्ही टोकांना दहा-दहा यार्ड गोल नोंदवायला. फॉस्टरनं मधले 50 यार्ड ठेवले आणि टोकांना आठ-आठ. बेरीज 66 यार्ड, म्हणजे 198 फूट. दोन फूट शिल्लक. सदाशिव पेठेत वन बीएचकेमध्ये दिवाण, कपाट आणि सासूबाई बसवलेल्या माणसाला या दोन फुटांची किंमत कळेल. अकरा खेळाडूंचे आठ केले. साडेअठरा फूट रुंदीचे गोलखांब होते, ते 9 फुटांवर आणले. कडेला हॉकीचा कठडा असतोच, त्याला गाद्या लावल्या. आणि गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना 30 फूट रुंद आणि 32 फूट उंच अशा जाळ्या टांगल्या. नेम चुकलेला बॉल या जाळीवर आपटून परत येतो आणि खेळ चालूच राहतो. पेटंटचा खरा जीव या जाळीत. जाळीवरून परत आलेला बॉल कायद्यानं फॉस्टरचा होता. दुसऱ्या कोणी बंदिस्त फुटबॉलची लीग काढली तर त्यांना जाळ्यांवाचून खेळावं लागे.

मूळ लीग मोठ्या शहरांची झाली होती, म्हणून 2000 साली तिनं लहान शहरांसाठी धाकटी लीग काढली. पंधरा संघ. त्यातला मोलीनचा संघ उभा करणाऱ्यांत खुद्द फॉस्टर होता. संघाचं नाव क्वाड सिटी स्टीमव्हीलर्स, म्हणजे मिसिसिपीत चालणाऱ्या जुन्या चाकांच्या आगबोटींवरून. हा नावाचा भाग मला जरा खटकला. मिसिसिपीवरचा पहिला रेल्वे पूल याच गावांमध्ये 1856 साली झाला. उद्घाटनाला पंधरवडा होतो न होतो तोच 'एफी ॲफ्टन' नावाची आगबोट त्यावर आपटून जळाली. बोटवाल्यांनी दावा लावला, पूलवाल्यांनी शिकागोच्या कोर्टात अब्राहम लिंकन नावाचा वकील उभा केला, ज्यूरीचं एकमत झालं नाही, आणि पुढे रेल्वे जिंकली ती कायमची. संघाला नाव मात्र हरलेल्या बाजूचं. मी हे टोपीवाल्यांना म्हणून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तेव्हापासून गाव आणि हार हे दोन शब्द मी एका वाक्यात वापरले नाहीत.

आमच्या खुर्च्या कठड्याला लागून पहिल्या रांगेत होत्या. दिवे गेले. मी सवयीनं खिशात काडेपेटी चाचपली. पण ते मुद्दाम घालवलेले होते. मग धूर आला, भोंगा झाला, धुरातून एकेक खेळाडू धावत आला आणि त्याचं नाव पुकारलं गेलं. हिनं कानात बोटं घातली ती मध्यंतरात काढली. आवाजाच्या बाबतीत फॉस्टरनं काहीही कापलेलं नव्हतं. बाहेरच्या मैदानावर जो आवाज आकाशात निघून गेला असता, तो इथे छपराला लागून खाली आमच्याकडेच येत होता.

खेळ मला कळला तो असा. बॉल घेऊन समोरच्यांच्या टोकाला पोचायचं. पोचलं की सहा गुण, वर एकदा लाथ मारून आणखी एक. मैदान इतकं छोटं, की एका बाजूच्या क्वार्टरबॅकनं, म्हणजे बॉल फेकणाऱ्यानं, जरा लांब फेकलं की बॉल दुसऱ्या टोकाला पोचतोच. बाहेरच्या फुटबॉलमध्ये अडचणीत आलेला संघ लांब लाथ मारून बॉल समोरच्यांच्या गळ्यात घालतो. इथे ती सोयच काढून टाकली आहे. त्यामुळे दर दोन-तीन मिनिटांनी कोणीतरी पोचतोच, गुण लागतात, भोंगा होतो. साठ-साठ गुण होणं ही रोजची गोष्ट. मी आयुष्यभर रणजी सामने पाहिलेला माणूस. एका धावेसाठी दुपार घालवण्याचं शिक्षण मला मिळालेलं आहे. या खेळात मी खिशातून चष्मा काढीपर्यंत फलक दोनदा बदलला.

मग ते घडलं. स्टीमव्हीलर्सचा एक खेळाडू कठड्याकडे पळत आला, मागून दुसऱ्यानं त्याला ढकललं, आणि तो गादीवरून उलटा होऊन सरळ आमच्या रांगेत आला. हिच्या मांडीवर मक्याच्या लाह्यांचा डबा होता, त्यावर शिरस्त्राणासकट. तीनशे पौंडांचा नव्हता, पण लाह्यांच्या मानानं पुरेसा होता. हिनं पहिल्यांदा त्याला "लागलं का रे?" असं विचारलं. तो काय समजला कोण जाणे, "येस मॅम" म्हणाला, उठला, आणि कठडा ओलांडून परत गेला. लगेच पुढच्या खेपेला त्यानंच बॉल पकडला आणि टोक गाठलं. टोपीवाले उभे राहिले. त्यांनी त्या खेळाडूकडे पाहिलं, मग हिच्याकडे, मग माझ्याकडे. त्या वेळी त्यांच्या डोक्यात काय शिजलं हे मला कळायला हवं होतं.

आणि बॉल! तो प्रेक्षकांत आला तर ज्याच्या हाती लागेल त्याचा. परत मागत नाहीत. आमच्या गल्लीत साने यांच्या गच्चीत गेलेले चेंडू चाळीस वर्षांत परत आले नाहीत, पण त्याला आम्ही नियम म्हणत नव्हतो.

स्टीमव्हीलर्स जिंकले. बाहेर पडताना कळलं, की आतापर्यंत ते एकही सामना हरलेले नव्हते. नवा कोरा संघ, पहिला मोसम, आणि हार माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी टोपीवाल्यांनी भाच्याला बाजूला घेतलं. त्यांचं म्हणणं असं: आधीचे सामने आपण जिंकलो हे खरं, पण कसेबसे. काल पाहुणे आले आणि सगळं सोपं झालं. माणूस मामींच्या मांडीवरून उठून गेला तो थेट टोकाला पोचला. तेव्हा मामा-मामींनी त्याच खुर्च्यांवर बसलं पाहिजे. पायगुण ही आपल्याकडची गोष्ट आहे, नवी सून आणि नवं जनावर यांच्यापुरती, असं मी समजत होतो. आयोवा-इलिनॉयच्या सीमेवर निवृत्त ट्रॅक्टरवाल्याला ती पाठ असेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी स्वतः संघ पहिल्यांदा जिंकला त्या दिवसापासून तीच विजार घातली होती. ती विजार धुतली जात नव्हती, हे त्यांच्या शेजारी बसणाऱ्याला सांगायला लागत नव्हतं.

अशा रीतीनं माझा शनिवार संघाच्या मालकीचा झाला. नायगारा आणखी पुढे गेला.

संघ परगावी गेला तरी सुटका नव्हती. या धाकट्या लीगचा नकाशा पाहिला आणि मला टोपीवाल्यांची दया आली. बाकी सगळे संघ दक्षिणेकडचे. टल्सा, बर्मिंगहॅम, पेन्साकोला, टॅलाहॅसी, जॅक्सनव्हिल, चार्ल्स्टन, नॉरफोक, रोअनोक. या सगळ्यांत एकटं मोलीन वर उत्तरेत, मक्याच्या शेतांच्या मधोमध. शेजारी म्हणावा असा संघच नाही. परगावचे सामने आम्ही टोपीवाल्यांच्या गॅरेजमध्ये रेडिओवर ऐकत असू. तिथेही बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. मी गवत कापायच्या यंत्राशेजारी. एकदा मी पाणी प्यायला उठलो आणि तेवढ्यात समोरच्यांनी टोक गाठलं. पुढच्या खेपेपासून पाण्याची बाटली माझ्या हातात ठेवण्यात आली. रेडिओवरचा मनुष्य इतक्या वेगानं बोले, की मला त्यातले फक्त आकडे कळत. पण आकडेच महत्त्वाचे होते, आणि ते दर वेळी आमच्या बाजूनं जास्त निघत.

त्या उन्हाळ्यात या भागात आणखी एक वारं होतं, त्याचं नाव कर्ट वॉर्नर. त्याच वर्षी जानेवारीत सेंट लुईसच्या संघानं सुपर बोल, म्हणजे मोठ्या लीगचा अंतिम सामना, जिंकला होता. त्यांचा क्वार्टरबॅक वॉर्नर, त्यानं 414 यार्ड फेक करून सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. हा वॉर्नर आयोवाचा. सहा वर्षांपूर्वी मोठ्या लीगनं नाकारल्यावर तो सीडर फॉल्स गावातल्या हाय-व्ही नावाच्या किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावत होता, ताशी साडेपाच डॉलरनं. तिथून तो डे मॉइनच्या छपराखालच्या संघात गेला, आयोवा बार्नस्टॉर्मर्समध्ये. तो संघही फॉस्टरनंच काढलेला. तिथून पुढे सुपर बोल. त्यामुळे मोलीनमध्ये त्या उन्हाळ्यात माल लावणाऱ्या प्रत्येक पोराकडे लोक आदरानं बघत होते. आम्ही हाय-व्हीमध्ये कोथिंबीर शोधत होतो, तेव्हा टोपीवाले एका फळीपुढे थांबले. डबाबंद मका होता. "इथेच?" मी विचारलं. "नाही, ते सीडर फॉल्सला," ते म्हणाले, "पण फळी हीच." मी फळीला हात लावला. न लावून चाललं नसतं.

स्टीमव्हीलर्सच्या पोरांची मजुरी मला एका सामन्यानंतर कळली. खेळ संपला की खेळाडू मैदानावरच थांबतात आणि प्रेक्षक कठडा ओलांडून सह्या घ्यायला जातात. हिच्या लाह्यांवर पडलेला खेळाडू भेटला. हिनं त्याला ओळखलं, त्यानं हिला ओळखलं. "लाह्यांचं वाईट वाटतं," तो म्हणाला, आणि हिच्या पर्समधल्या नोंदवहीत दूधवाल्याच्या हिशेबाखाली सही केली. दिवसा तो एका गोदामात काम करतो असं कळलं. लीगकडून सामन्याला 200 डॉलर, आणि जिंकलं तर वर 50. मी लगेच गुणाकार केला. 45 रुपयांचा डॉलर. सामन्याला 11,250 रुपये. "अरे, वाईट नाही!" मी भाच्याला म्हणालो. भाचा म्हणाला, "मामा, इथलं घरभाडं रुपयांत द्यायचं नसतं." मग हिशेब उलटा केला. तो बाजूला ठेवलेलाच बरा. एवढं मात्र खरं, की वरचे 50 डॉलर त्या संघाला एकदाही चुकले नाहीत. मालकाला असा संघ परवडत नाही.

नायगाऱ्याचा विषय हिनं पुन्हा काढला तेव्हा टोपीवाल्यांनी तोडगा सुचवला. इथेच बघण्यासारखं इतकं आहे, मी दाखवतो. आणि ते आम्हाला रॉक आयलंडच्या डग्लस पार्कमध्ये घेऊन गेले. तिथे गवत होतं. खूप गवत होतं. आम्ही ते गवत आदरानं पाहिलं, मग हिनं हळूच विचारलं, "काय आहे इथे?" टोपीवाल्यांनी सांगितलं ते मी पुढे पडताळून पाहिलं. 26 सप्टेंबर 1920 रोजी या जागेवर रॉक आयलंड इंडिपेंडंट्स नावाच्या संघानं सेंट पॉलच्या संघाला 48–0 असं हरवलं. आज जगातली सगळ्यात श्रीमंत समजली जाणारी फुटबॉल लीग त्याच वर्षी जन्मली, आणि तिच्या कुठल्याही संघानं खेळलेला तो पहिला सामना. रॉक आयलंड त्या लीगच्या संस्थापकांपैकी एक. पुढे 1926 साली हा संघ दुसऱ्या लीगमध्ये गेला आणि संपला.

तिथून मोलीनच्या व्हार्टन फील्ड हाउसला. विटांची जुनी व्यायामशाळा. तिथे ट्राय-सिटीज ब्लॅकहॉक्स हा बास्केटबॉलचा संघ खेळत असे. तेव्हा शहरं तीनच मोजत. 1949 साली हा संघ एनबीएमध्ये होता. त्याचा प्रशिक्षक रेड आउरबाख एक मोसम टिकला, मग बॉस्टनला गेला आणि तिथे नऊ वेळा अजिंक्यपद जिंकला. संघही 1951 साली मिलवॉकीला गेला, तिथून सेंट लुईसला, तिथून अटलांटाला. आज तो अटलांटा हॉक्स आहे. अटलांटातल्या लोकांना मोलीन ठाऊक असेलच असं नाही.

टोपीवाले हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते. घरातली मुलं शिकून बाहेर गेली आणि तिकडे चांगली स्थिरावली, अशा बापाच्या शांतपणानं सांगत होते. मला तेव्हा त्या विजारीचं थोडं कळलं. मोठं होईल ते या गावात राहत नाही, हे गावाला तोंडपाठ होतं. म्हणून जो संघ मोठा व्हायचाच नव्हता, तो जिंकायला हवा होता.

व्हार्टनहून परत येताना त्यांनी पिझ्झा खाऊ घातला. क्वाड सिटीजच्या पिझ्झ्याच्या पोळीत माल्ट असतं, आणि तो त्रिकोणात कापत नाहीत, कात्रीनं लांब पट्ट्या कापतात. वर मांसाचा चुरा असतो तो चीजच्या खाली लपवलेला. आम्ही शाकाहारी, म्हणून चुरा नको असं सांगितलं. दुकानदारानं दोनदा विचारलं, मग आतून दुसऱ्याला बोलावून आमच्याकडे बोट दाखवलं. पण पिझ्झा आला, आणि कात्रीसुद्धा. हिनं घरी आल्यावर थालीपीठ कात्रीनं कापून पाहिलं. ते सगळ्यांनी मान्य केलं.

जुलै संपत आला आणि संघानं साखळीतले सोळाच्या सोळा सामने जिंकले. आता बाद फेरी आणि मग अंतिम सामना. अंतिम सामना मोलीनलाच होणार होता, ऑगस्टमध्ये. आणि आमचं परतीचं विमान त्याच्या आधी होतं. तिकीट सवलतीचं, त्यातली तारीख बदलणं म्हणजे नवं तिकीट काढणं. हे टोपीवाल्यांना सांगायचं काम भाच्यानं माझ्यावर टाकलं. टोपीवाले बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, की मामी तरी राहू शकतील का.

ते शक्य नव्हतं. हिला घरी गौरी-गणपती होते. शेवटी तडजोड झाली. माझी एक पांढरी गांधी टोपी मी प्रवासात उन्हासाठी आणली होती. ती टोपीवाल्यांनी मागून घेतली. माझ्या खुर्चीवर ती ठेवायची आणि त्या खुर्चीचं तिकीट ते स्वतः काढणार. हिच्या खुर्चीवर लाह्यांचा डबा.

पुण्यात आलो. नायगारा पाहिला का, असं सगळ्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर मग काय पाहिलं, असं विचारलं. मी गंजलेली इमारत, डग्लस पार्कमधलं गवत आणि किराणा दुकानातली मक्याची फळी सांगितली. कोणी चहाला बोलावलं नाही.

ऑगस्टात भाच्याची ईमेल आली, ती सायबर कॅफेत जाऊन वाचली. अंतिम सामन्यात समोर टेनेसी व्हॅली व्हायपर्स होते, अलाबामातल्या हंट्सव्हिलचे. स्टीमव्हीलर्स 68–59 असे जिंकले. पहिला मोसम, एकही हार नाही, करंडक घरी. ईमेलच्या खाली टोपीवाल्यांचा निरोप होता. सामना चांगला झाला, मामांचे आभार, पण आता असं दिसतं की खरं काम टोपीचं होतं. तेव्हा टोपी परत पाठवत नाही. दुसऱ्या वर्षीही करंडक त्यांनीच जिंकला, रिचमंडच्या संघाला 55–51 असं हरवून. मी त्या वेळी पुण्यात होतो, हे टोपीवाल्यांनी निरोपात मुद्दाम लिहिलं होतं.

पुढे 2009 साली ती धाकटी लीगच बंद पडली, आणि स्टीमव्हीलर्सही. मग 2018 साली त्याच नावाचा नवा संघ त्याच सभागृहात उभा राहिला, वेगळ्या लीगमध्ये. त्या लीगमध्ये जाळ्या नव्हत्या. भाचा केव्हाच पुण्याला परत आला होता, पण टोपीवाल्यांचा फोन त्याच्याकडे अजून येतो. त्यांनी कळवलं, की पुन्हा पहिला मोसम सुरू आहे, टोपी कावीळ झालेल्या माणसाइतकी पिवळी पडली आहे आणि विजार तर मुलीनं टाकूनच दिली. आता मामांनी स्वतःच आलेलं बरं. तिकीट ते काढतील.

मी हिला विचारलं. ही म्हणाली, "त्यांना सांगा, यंदा आधी नायगारा."